रात्री अडीचचं रीडिंग : मोठ्या इमारतीची वीज आणि कार्बन कसा मोजायचा

सोलापुरात मोठी इमारत सांभाळणाऱ्या माणसाच्या कानावर 'कार्बन' हा शब्द दोनच निमित्तांनी येतो. कॉलेज असेल तर नॅकची समिती यायच्या आधी, आणि इमारतीत शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीचं ऑफिस असेल तर तिच्या मुख्य कार्यालयाचा ईमेल आल्यावर. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने वरच्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणाचा हिशेब देणारा अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून हे ईमेल वाढलेत. पुढचा प्रकार दोन्हीकडे सारखाच. पंधरा दिवसांत जाडजूड फाइल उभी राहते. मुखपृष्ठावर हिरवं पान, आत झाडं लावतानाचे फोटो, आणि विजेचा आकडा म्हणजे हाताला लागलेल्या एका बिलाला बाराने गुणलेलं. ते बिल डिसेंबरचं निघालं, तर इमारत त्या वर्षी एकदम पर्यावरणप्रेमी ठरते.

रुग्णालयं, कॉलेजं, हॉटेलं, मंगल कार्यालयं अशा इमारतींचं विजेचं मोजमाप करणं हे माझं रोजचं काम. त्यातून माझं झालेलं मत सांगतो. कार्बन, म्हणजे आपल्या विजेमुळे आणि इंधनामुळे हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड, हा शेवटचा गुणाकार आहे, तो दहा मिनिटांत होतो. सगळा घाम त्याआधीच्या आकड्यासाठी गाळावा लागतो, आणि तो आकडा पॅनेल रूममध्ये सापडतो, बऱ्याचदा रात्री. डॅशबोर्ड विकणारे हे नेमकं उलट्या क्रमाने सांगतात.

खालची पद्धत साधारण १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणीच्या (वीज कंपनीशी ठरलेल्या कमाल मागणीच्या) वरच्या इमारतींना लागू पडते. केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहिताही मोठी इमारत ठरवताना हीच रेघ धरते. हिशेब दिसावा म्हणून लेखभर एक काल्पनिक इमारत घेऊ : होटगी रोडला कुठेतरी असलेलं, ८,००० चौरस मीटर बांधकामाचं रुग्णालय. तिचे आकडे मी मांडलेले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी नातं खऱ्यासारखं ठेवलंय.

हद्द आखून घ्या

एका कागदावर लिहा : कोणत्या मीटरखाली काय काय येतं. तळमजल्यावरचं मेडिकल दुकान आपल्या मीटरवर आहे की त्याचं वेगळं कनेक्शन आहे? कॅन्टीनवाल्याचा गॅस कोण भरतो? मोबाइल टॉवरची वीज? मागच्या नर्सिंग होस्टेलची केबल आपल्याच पॅनेलमधून गेलीय का? ही शेवटची गोष्ट विचारल्यावर जुन्या वायरमनखेरीज कुणालाच उत्तर देता येत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा कागद ऑफिसात बसून करू नका, त्या वायरमनला सोबत घेऊन फिरा.

क्षेत्रफळ नकाशावरून घ्या, पार्किंग वगळून. चौरस फुटात असेल तर १०.७६ ने भागलं की चौरस मीटर. वातानुकूलित भाग किती टक्के, हेही टिपून ठेवा, पुढे तुलनेला लागतं.

बारा बिलं, आणि त्यातला योग्य रकाना

सलग बारा महिन्यांची बिलं काढा. छत्तीस मिळाली तर सोन्याहून पिवळं. अकाउंट सेक्शनला फक्त रकमेशी देणंघेणं असतं, त्यामुळे त्यांच्याकडे बऱ्याचदा पहिलं पान तेवढं सापडतं. आपल्याला हवं ते मागच्या पानांवर असतं. महावितरणच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून मागची बिलं उतरवता येतात.

उच्चदाब ग्राहक असाल तर इथे पहिला खड्डा आहे. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना आकारणी केव्हीएएचवर होते, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी आलेला वाटा) आतच धरलेल्या युनिटवर. पैशाचा हिशेब त्यावर. पण कार्बनचा हिशेब होतो केडब्ल्यूएचवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या युनिटवर, प्रत्यक्ष खर्च झालेल्या ऊर्जेवर. पॉवर फॅक्टर ०.९० असेल तर १,००,००० केडब्ल्यूएचचे बिलावर १,११,१११ केव्हीएएच होतात. चुकीचा रकाना उचलला की न केलेलं अकरा टक्के प्रदूषण स्वतःच्या नावावर चढतं. हे मी एकदा नाही, अनेक अहवालांत पाहिलंय, आणि त्यावर सहीशिक्केही होते.

त्याच रकान्यांतला फरक मात्र वाया घालवू नका. केडब्ल्यूएच आणि केव्हीएएचमधलं अंतर वाढत चाललं असेल तर पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक तपासायची वेळ आली. आणि रात्री लोड कमी असताना कपॅसिटर तसेच चालू राहिले तर पॉवर फॅक्टर लीडमध्ये जातो, त्याचीही किंमत केव्हीएएचमध्ये मोजावी लागते. कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं एपीएफसी पॅनेल ऑटोवर आहे की कुणी तरी 'तात्पुरतं' मॅन्युअलवर टाकून विसरलंय, हे बघायला पाच मिनिटं लागतात.

बिलातून दर महिन्याला एवढं उतरवा : रीडिंगची तारीख, केडब्ल्यूएच, केव्हीएएच, नोंदलेली कमाल मागणी, करार मागणी, आणि वेळेनुसारच्या झोनमधले युनिट. महिन्याच्या युनिटना दिवसांनी भागून रोजची सरासरी काढा. फेब्रुवारीची मार्चशी तुलना त्याशिवाय करूच नये. आणि बिलावरचा गुणक, ज्याला सगळे एमएफ म्हणतात, तो मीटरवरच्या रीडिंगला लावून एकदा स्वतः पडताळा. गुणक विसरून थेट मीटरचा आकडा रजिस्टरमध्ये लिहिणारे ऑपरेटर भेटतात. इमारत मग बल्बवर चालल्यासारखी दिसते.

सोलर असेल तर बिल खोटं बोलतं

म्हणजे बिल खरंच असतं, आपण वाचतो चुकीचं. नेट मीटरिंगच्या बिलावर दिसतात ग्रिडकडून घेतलेले आणि ग्रिडला दिलेले युनिट. छतावर तयार होऊन तिथल्या तिथे वापरलेले युनिट त्या मीटरला कळतच नाहीत. त्यासाठी जनरेशन मीटरचं वेगळं रीडिंग लागतं. सूत्र साधं आहे : घेतलेले, अधिक छतावर तयार झालेले, वजा दिलेले, अधिक जनरेटरचे.

आपल्या रुग्णालयाचं वर्ष असं धरू. ग्रिडकडून ५,४०,००० युनिट. छतावरच्या ८० किलोवॅट सोलरचे १,२०,०००. त्यातले १५,००० ग्रिडला परत. डिझेल जनरेटरचे ९,०००. एकूण वापर ६,५४,००० युनिट. भागिले ८,००० चौरस मीटर, म्हणजे वर्षाला चौरस मीटरमागे जवळपास ८२ युनिट. याला ईपीआय म्हणतात. ऊर्जा दक्षता ब्युरोचं इमारतींसाठीचं स्टार रेटिंग याच आकड्यावर उभं आहे. मात्र पुण्याच्या किंवा मुंबईच्या इमारतीच्या ईपीआयशी तुलना करून खूश किंवा नाराज होऊ नका. संहितेच्या हवामान विभागणीत सोलापूर 'उष्ण व कोरड्या' गटात येतं, आणि एप्रिल-मेत दुपारी नवी पेठेत पायी फिरलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. तुलना करायची ती आपलीच आपल्याशी, गेल्या वर्षाशी.

सोलरच्या रीडिंगबद्दल एक पुरवणी. आपल्याकडे किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास मिळायला हवेत. फेब्रुवारीनंतर धूळ बसते आणि आकडा घसरतो. मग कुणीतरी बोअरच्या पाण्याने पॅनेल धुतं, आणि आपलं पाणी जड, वाळल्यावर काचेवर पांढरे डाग ठेवून जातं. धुतल्याच्या तारखा रजिस्टरमध्ये लिहा. धुण्याआधीचे तीन दिवस आणि नंतरचे तीन दिवस शेजारी मांडले की किती दिवसांनी धुवायचं ते आपोआप ठरतं.

जनरेटरचं रीडिंग दोन ठिकाणी घ्या : त्याच्या पॅनेलवरचे युनिट आणि टाकीत भरलेलं डिझेल. लिटरला तीन ते साडेतीन युनिट मिळाले तर ठीक. दोनवर आलं तर एकतर मोठा जनरेटर अगदी कमी लोडवर फिरतोय, नाहीतर डिझेलला दुसरीकडे पाय फुटलेत. दुसऱ्या शक्यतेची चौकशी शांतपणे करावी.

रात्री अडीचला एक फेरी

माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत कमाईचा भाग आहे, आणि याला एक रुपया लागत नाही.

साध्या वारी, लग्नसराई नसताना, रात्री अडीच वाजता मुख्य पॅनेलसमोर उभे राहा. डिजिटल मीटरवर बटण दाबत गेलं की त्या क्षणाचे किलोवॅट दिसतात. दहा मिनिटं थांबा, कारण लिफ्ट आणि पंप मध्येच येऊन जातात, आणि सगळ्यात खालचा टिकून राहणारा आकडा लिहा. समजा ३८ किलोवॅट आला. आता हा गुणाकार करा : ३८ गुणिले २४ गुणिले ३६५, म्हणजे ३,३२,८८० युनिट. वर्षाच्या ६,५४,००० मधले निम्म्याहून जास्त! इमारत झोपलेली असताना जे चालतं, त्याचंच अर्धं बिल. ट्रस्टींसमोर एवढं एक वाक्य ठेवलं तरी मीटिंगमध्ये मोबाइल खाली ठेवले जातात.

मग फिरायला लागा. टॉर्च, वही, आणि जमलं तर एक क्लॅम्प मीटर (वायरीला चिमटा लावून करंट मोजणारा). रुग्णालयात आयसीयू, ब्लड बँकेचे फ्रीज, ऑक्सिजनची यंत्रणा चालणारच, त्यावर बोट ठेवायचं नाही. पण ओपीडीच्या रिकाम्या दालनात १८ अंशांवर लावलेला एसी सापडतो. बंद कॅन्टीनमध्ये तीन वॉटर कूलर घुंघुं करत असतात. ऑपरेशन थिएटरच्या एएचयूचा, म्हणजे थंड हवा आत सोडणाऱ्या यंत्राचा, पंखा पूर्ण वेगाने फिरतोय, आत शस्त्रक्रिया उद्या नऊला. अर्ध्या लोडवर तापत बसलेले यूपीएस. एकाचं काम असताना दोन्ही चालू ठेवलेले ट्रान्सफॉर्मर, ज्यांचा लोखंडी गाभा काही न करता चोवीस तास थोडी वीज खातच असतो.

प्रत्येक सापडलेल्या वस्तूसमोर किलोवॅट लिहा आणि एक आकडा पाठ करून ठेवा : सतत चालणारा एक किलोवॅट म्हणजे वर्षाला ८,७६० युनिट. त्याचा कार्बन सहा टनांवर जातो, तो कसा ते पुढे येतंच.

उच्चदाब मीटरमध्ये दर १५ किंवा ३० मिनिटांची लोडची नोंद साठत असते. अर्ज करून ती मागवली तर सगळ्या रात्री एका कागदावर येतात. तरी पहिली फेरी पायीच करा. वॉटर कूलरचा आवाज कागदावर ऐकू येत नाही.

सबमीटर कुठे, आणि उलटा सीटी

प्रत्येक मजल्यावर मीटर बसवायचा मोह आवरा. सुरुवातीला पाच-सहा पुरतात : सेंट्रल एसी किंवा चिलर, पाण्याचे पंप, स्वयंपाकघर आणि लॉन्ड्री, यूपीएस व सर्व्हर, आणि मोठा भाडेकरू असेल तर तो. लिफ्टला सगळे नावं ठेवतात, पण सहा-सात मजल्यांच्या इमारतीत तिचा वाटा बहुधा किरकोळ निघतो. मीटर घेताना आरएस-४८५ जोडणीचा घ्या. आज हाताने वाचला तरी उद्या संगणकाला जोडता येईल.

मीटर बसला म्हणजे आकडा खरा झाला असं मुळीच नाही. ही माझीच चूक आहे, म्हणून सांगतो. एका इमारतीत चिलरच्या फीडरला सबमीटर लावला. पहिल्या महिन्यात चिलरचा वापर इतका कमी आला की मी अहवालात त्याचं कौतुक लिहून बसलो. दुसऱ्या महिन्यात सगळ्या सबमीटरची बेरीज मुख्य मीटरशी लावली, तर मोठा ढिगारा बेपत्ता. पॅनेल उघडलं. तीन फेजवर तीन सीटी (मीटरला करंट कळवणारे छोटे ट्रान्सफॉर्मर), तिन्ही नीट घट्ट, वायरी क्रमाने. मग टॉर्च टाकून सीटीच्या अंगावरच्या पी-१, पी-२ या दिशेच्या खुणा वाचल्या. वाय फेजचा सीटी उलटा बसला होता. आर आणि बी फेज बेरीज करत होते, वाय वजाबाकी. एक अधिक एक वजा एक. म्हणजे मीटर खऱ्या वापराच्या बरोबर एक तृतीयांश दाखवत होता. कौतुकाचा परिच्छेद मी गुपचूप काढून टाकला.

तेव्हापासून बसवल्या दिवशी चार गोष्टी बघतो. प्रत्येक फेजचे किलोवॅट वेगवेगळे वाचायचे, एकही उणे नको. सीटीवर लिहिलेलं गुणोत्तर (२००/५ असेल ते) आणि मीटरमध्ये भरलेलं गुणोत्तर एकच आहे ना. क्लॅम्प मीटरने मोजलेले अँपिअर मीटरवरच्याशी जुळतात का. आणि महिनाअखेर सबमीटरची बेरीज अधिक न मोजलेला अंदाजे भाग, हे मुख्य मीटरच्या पाच टक्क्यांत येतं का. येत नसेल तर आलेख काढत बसू नका, पॅनेल उघडा.

रजिस्टर

एका ठिकाणी मला वर्षभराचं रजिस्टर दाखवलं. सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही. रोजचा वापर ४२०, ४२०, ४२५, ४२०. रविवारीही ४२०. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुट्टीलाही ४२०! पंधरा-पंधरा दिवसांचा मजकूर एकाच पेनाच्या एकाच शाईत. रात्रपाळीच्या ऑपरेटरला चहा पाजून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, त्या खोलीची किल्ली स्टोअरवाल्याकडं असती. त्यो येतो दहाला. मला सांगितलंय सहाचं रीडिंग लिही. कुठनं लिहू?"

त्यामुळे ही व्यवस्था आधी करा : मीटर दिसेल अशा जागी, किल्ली रात्रपाळीच्या हाताशी, वेळ रोज एकच. सकाळी सहा बरी, कारण रात्र संपलेली असते आणि दिवस सुरू व्हायचा असतो. रकाने कमी ठेवा : तारीख, वेळ, रीडिंग, कालच्यापासूनचा फरक, सही, आणि एक रुंद शेरा. शेऱ्यात लाइट गेली, पंप बिघडला, कुठे शिबिर होतं, हे येऊ द्या. मीटरचा फोटो इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सांगितलं की तारीख-वेळेसकट पुरावा आपोआप तयार होतो.

ऊन वजा करून बघा

मे महिन्यात वापर वाढला तर त्यात इमारतीचा दोष किती आणि सूर्याचा किती? हे वेगळं करता आलं नाही, तर पाऊस लवकर आल्याचं श्रेय मेंटेनन्सवाले घेतात आणि कडक उन्हाळ्याची शिवी त्यांनाच बसते.

यासाठी 'कूलिंग डिग्री डे' काढतात. हवामान खात्याची सोलापूरची कमाल-किमान नोंद घ्या. दोन्हीची सरासरी काढा आणि २४ वजा करा. कमाल ४२, किमान २६ असेल तर सरासरी ३४, म्हणून त्या दिवसाचे १० अंश-दिवस. उत्तर उणे आलं तर शून्य धरा. महिनाभराची बेरीज करा. मग एक्सेलमध्ये एका रकान्यात बारा महिन्यांचे दररोजचे सरासरी युनिट, दुसऱ्यात दररोजचे सरासरी अंश-दिवस, आणि 'स्लोप' व 'इंटरसेप्ट' ही दोन सूत्रं. इंटरसेप्ट म्हणजे उन्हाशी संबंध नसलेला रोजचा पाया, स्लोप म्हणजे प्रत्येक अंश-दिवसाला लागणारे युनिट.

आपल्या रुग्णालयाचं उत्तर समजा पाया १,३०० आणि अंश-दिवसाला १५० आलं. मेमध्ये २८० अंश-दिवस झाले, तर अपेक्षित वापर ३१ गुणिले १,३०० अधिक २८० गुणिले १५०, म्हणजे ८२,३०० युनिट. प्रत्यक्षात ८८,००० झाले. उन्हाने खुलासा होत नाही असे ५,७०० युनिट उरले. आता शोधायला काहीतरी आहे : कंडेन्सरमध्ये क्षार साचले का (जड पाण्यावर चालणाऱ्या कूलिंग टॉवरचं हे हमखास दुखणं), कुणी थर्मोस्टॅट खाली आणला का. हा फरक दर महिन्याला पुढच्यात मिळवत जा. दोन-तीन महिने सलग वाढत गेला तर काहीतरी कायमचं बिघडलंय, एकदाच उडी मारून थांबला तर ती घटना होती.

'आरएसक्यू' सूत्राने जुळणी किती चांगली ते कळतं. ०.७ च्या खाली आली तर तुमच्या इमारतीचा मालक सूर्य नाही, दुसरं कुणीतरी आहे. कॉलेजात कामाचे दिवस, हॉटेलात भरलेल्या खोल्या, रुग्णालयात भरलेले बेड. मंगल कार्यालयात तर सरळ मुहूर्त मोजा. एका कार्यालयाचा आलेख मी दोन दिवस डोकं खाजवत बघत होतो, एक महिना मध्येच सपाट. मॅनेजर म्हणाला, "अहो, अधिक महिना होता."

पाणी हीसुद्धा वीजच

नळाला रोज पाणी येणाऱ्या गावातल्या मार्गदर्शकांत हे प्रकरण नसतं. आपल्याकडे पाणी दिवसांआड येतं, त्यामुळे खाली मोठा हौद, वर टाक्या, बाजूला बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. पंपाच्या सबमीटरशेजारी पाण्याचा मीटर लावा आणि हजार लिटरला किती युनिट लागतात ते बघा. हजार लिटर पाणी ३० मीटर उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.०८ युनिट लागतात. पंप, मोटर, पाइप धरून ०.१६-०.१८ आले तरी समाधान माना. ०.३ आले तर पंप झिजलाय किंवा वर चढवलेलं पाणी गळक्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून परत हौदात उतरतंय. रात्री पंप दर तासाला सुरू होत असेल आणि कुणी पाणी वापरत नसेल, तर संशय आधी त्या व्हॉल्व्हवर घ्या. बोअरचं पाणी १२० मीटरवरून येत असेल तर हा आकडा चौपट-पाचपट होणारच.

आता कार्बन

ज्याच्यासाठी सगळे आले होते तो भाग. जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायू मोजण्याच्या जागतिक पद्धतीत तीन कप्पे आहेत. स्कोप १ म्हणजे आपल्या आवारात जळालेलं किंवा निसटलेलं : डिझेल, गॅस, एसीतला वायू. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ म्हणजे बाकीचं जग : टँकरचं डिझेल, कचरा, कर्मचाऱ्यांच्या गाड्या. पहिल्या वर्षी १ आणि २ नीट करा. ३ च्या मागे लागलात तर अंदाजांच्या जंगलात पहिले दोनही हरवतात.

विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. २०२३-२४ साठी तो युनिटला ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. ज्या वर्षाचं बिल, त्या वर्षाचा गुणक.

इथे सोलापूरकर हटकून एक प्रश्न विचारतात : "आपल्या शेजारी फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे. आपली वीज तिथूनच येते ना? मग आपला गुणक जास्त नको का?" प्रश्न हुशार आहे, उत्तर नाही असं आहे. त्या केंद्राची वीज ग्रिडमध्ये जाते, आपण ग्रिडमधून घेतो, आणि तारेतल्या विजेला गावाचं नाव नसतं. गंमत म्हणजे देशाचं ग्रिड एक होण्यात आपल्याच गावाचा हात आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी जोडलं गेलं. त्याआधी दक्षिणेचा गुणक वेगळा आणि उरलेल्या देशाचा वेगळा असे. आता सगळ्यांना एकच.

बाकी गुणक असे : डिझेल लिटरला २.६८ किलो, एलपीजी किलोला सुमारे २.९८ किलो. एसीतल्या वायूसाठी जीडब्ल्यूपी वापरतात : आर-२२ चा १,८१०, आर-४१०ए चा २,०८८, आर-३२ चा ६७५. म्हणजे एक किलो आर-४१०ए हवेत गेला तर तो २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा.

आपल्या रुग्णालयाचा हिशेब मांडू. ग्रिडचे ५,४०,००० युनिट गुणिले ०.७२७, म्हणजे ३९२.६ टन. डिझेल ३,००० लिटर, ८ टन. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचे ६०, म्हणजे १,१४० किलो गॅस, ३.४ टन. आणि वर्षभरात एसीत पुन्हा भरलेला आर-४१०ए १२ किलो, २५.१ टन. एकूण ४२९ टन.

वायूचा आकडा पुन्हा बघा. जनरेटरचा काळा धूर सगळ्यांना दिसतो, त्याचे आठ टन. एसीवाला पोरगा येऊन "साहेब, गॅस कमी झालाय, भरतो" म्हणतो आणि निघून जातो, त्याचे पंचवीस. वायू संपत नसतो, गळतो. जेवढा भरला तेवढा हवेत गेला असं धरूनच हिशेब करायचा. म्हणून एसीच्या देखभालीच्या बिलावर 'गॅस चार्जिंग' एवढंच मान्य करू नका. कोणता वायू, किती किलो, कोणत्या मशीनमध्ये, हे लिहून मागा. सिलिंडर भरण्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवायला सांगा. एकाच मशीनमध्ये वर्षात दुसऱ्यांदा वायू भरावा लागला तर आधी गळती शोधा, मग भरा.

सोलरबाबत दोन पथ्यं. ग्रिडला दिलेले १५,००० युनिट स्कोप २ मधून वजा करू नका. घेतलेले पूर्ण ५,४०,००० धरा आणि दिलेले वेगळ्या ओळीत दाखवा. आणि सोलरची प्रमाणपत्रं (त्या विजेच्या हरितपणाचा हक्क देणारी) विकली असतील तर ती वीज 'हरित' म्हणून स्वतःच्या अहवालात मिरवता येत नाही. महावितरणची हरित वीज जादा दर देऊन घेता येते (२०२१ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने तो दर युनिटला ६६ पैसे ठरवला होता). ती घेत असाल तर अहवालात दोन आकडे द्या : एक ग्रिडच्या सरासरीने, एक खरेदीप्रमाणे. एकच दिला तर वाचणारा शहाणा असल्यास दुसरा विचारतोच.

महिन्याचं एक पान

पाच तारखेच्या आत एका पानावर एवढं येऊ द्या : रोजची सरासरी, उन्हाप्रमाणे अपेक्षित किती होती, फरक, रात्री अडीचचे किलोवॅट, डिझेलला मिळालेले युनिट, हजार लिटर पाण्याला लागलेले युनिट, भरलेला वायू किलोत, आणि शेवटी टन. त्याखाली तीन ओळी : काय सापडलं, कोण दुरुस्त करणार, कधीपर्यंत. पाहिजे तर मग सॉफ्टवेअर घ्या. हे पान सहा महिने हाताने भरलेल्या माणसाला विक्रेत्याला काय विचारायचं ते बरोबर कळतं.

पानाची एक प्रत पॅनेल रूमच्या दाराला आतून चिकटवा. त्या ४२० वाल्या इमारतीत मी परत गेलो तेव्हा ती तिथे होती, आणि किल्ली सिक्युरिटीच्या केबिनमध्ये खिळ्याला लटकत होती. रजिस्टर उघडलं. ३९१, ४४६, ४३८, रविवारी २८७. अक्षर पूर्वीपेक्षा बरंच वाईट. एका ओळीसमोर शेऱ्यात तिरकं लिहिलेलं : 'लाइट नव्हती २.१० ते ३.४०. जनरेटर सुरू व्हायला ४ मि. बॅटरी बघणे.'